निम्म्या डोहाचं भांडण

कसबे पुणे येथील समस्त भोई, कुंभार, भिस्ती, झाडाखाली बसणारे आणि झाडावर बसणारे यांस जाहीर करण्यात येते, की आमचा साडू रघू भोई दहा दिवसांपूर्वी मरण पावला असला, तरी तो माझ्यापेक्षा चांगला भोई होता ही गोष्ट अद्याप शाबीत झालेली नाही. कुणाला शंका असल्यास त्याने मुठेच्या काठी येऊन माझ्याशी वाद घालावा. येताना सावली आपापली आणावी. यंदा काठावर ती शिल्लक नाही.

ऐकलंस, रघू? हे मी दवंडीवाल्याकडून कुंभारवेशीपासून थेट वाड्याच्या दरवाजापर्यंत ओरडून घेणार होतो. सगुणा म्हणाली, "आधी तोंड धुवा." बायकोपुढे दवंडी चालत नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

तुला वाचता येत नव्हतं. कारकुनांच्या पालख्या वाहताना त्यांच्या दारात ताटकळत बसून मी अक्षरं उचलली. तेवढ्या एका गोष्टीत मी तुझ्या पुढे होतो. आणि तू काय केलंस? आळीभर सांगत सुटलास, "आमचे साडूबुवा लिहितात बरं का! मोत्यासारखं!" दुसऱ्याचं कौतुक करून त्याची मजा घालवावी कशी, हे तुझ्याकडून शिकावं.

तुला पोचवायला किती माणसं आली होती, बघितलंस का? मी बघितली. खांदा देता देता मान वळवून वळवून बघितली. कुंभारवाडा रिकामा झाला होता. नदीपलीकडून भांबवड्याचे लोक कोरड्या पात्रातून चालत आले. वाड्यावर पाणी घालणारा इब्राहीम भिस्ती रिकामी पखाल खांद्यावर टाकून उभा होता आणि त्याच पखालीला डोळे पुसत होता. मी हिशेब करत होतो, की मी गेलो तर ह्यातले किती येतील. कुंभार येतील, कारण मडकं त्यांचंच लागतं. इब्राहीम येईल, पण पखालीला डोळे पुसणार नाही. तेवढ्यात मागचा माणूस म्हणाला, "म्हादू, पुढे बघून चाल, रघू पडेल." तेव्हा कुठे मी पुढे बघितलं.

हेवा ही काही एका दिवसात येणारी गोष्ट नाही. त्यासाठी घर मांडावं लागतं. सगुणा थोरली, पारू धाकटी. सगुणा मला मिळाली, पुढे दोन वर्षांनी पारू तुला. तोपर्यंत सगुणाच्या लेखी मी बरा माणूस होतो. पुढे आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला "पारूचा नवरा" हे माप लागलं. पारूचा नवरा जाळं वाळवून घडी घालून ठेवतो. पारूचा नवरा वाम मासा सोलून देतो. पारूचा नवरा जेवताना बोलत नाही. मी म्हणायचो, "त्याला बोलायला काही सुचत नाही." ती म्हणायची, "तुम्हाला सुचतं त्याचा काय उपयोग झाला?" ह्या प्रश्नावर मी वीस वर्षं विचार करतो आहे.

पण खरा हेवा डोहाचा.

हे वाचणारा कुणी परका असेल तर त्याच्यासाठी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. कुंभारवेशीच्या खाली मुठेला एक खोल डोह आहे. होळी झाली की त्यात आळीतल्या कुणीही जाळं टाकायचं नाही, ते नदी वाहती होईपर्यंत. उन्हाळ्यात पात्र आटतं तेव्हा वरचे-खालचे मासे ह्या एका जागी गोळा होतात. ते जगले तर पुढच्या साली नदीत मासा, आणि नदीत मासा तर आमच्या चुलीवर काही. शिवाय डोहाच्या खालच्या अंगाला वाळूत खड्डे खणले की त्यात पाणी पाझरतं. त्या झिऱ्यांचं पाणी आळी पिते. कात्रजचं पाणी नळातून वाड्यांत आणि हौदांत येतं खरं, पण हौदावर आमची घागर सगळ्यांत शेवटी लागते, आणि यंदा तर शेवटच्या घागरीपर्यंत पाणी पोचलंच नाही. म्हणजे डोह गेला तर आमचं खाणंही गेलं आणि पिणंही.

म्हणून डोहाला राखणदार लागतो. तो ठरवायचा कसा, तर धुळवडीच्या सकाळी प्रत्येक भोई आपला पोहायचा वाळका भोपळा, खूण करून, डोहाच्या मधोमध सोडतो. सगळे भोपळे वाऱ्यानं हळूहळू काठाला लागतात. ज्याचा सर्वांत शेवटी लागेल तो त्या सालचा राखणदार. कारण काय, तर त्याच्याच भोपळ्याला डोह सोडवेना. किती वर्षं तुझाच भोपळा मागे राहिला! सगळे भोपळे काठाला येऊन एकमेकांवर आपटतायत, आणि तुझा एकटा मध्ये, स्वतःभोवती सावकाश फिरतोय, पाहुण्यांच्या घरी लोडाला टेकून बसल्यासारखा.

एका धुळवडीला मी माझ्या भोपळ्यात वाळू भरली. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. थोडी भरली असती तर भोपळा जड होऊन जागचा हलला नसता. पण हाव सुटली. सोडल्याबरोबर तो दोनदा बुडबुडला आणि तळाला गेला. भोयाचा भोपळा बुडाला! आळीच्या आठवणीत असं कधी घडलं नव्हतं. काठावर हसण्याचा असा गदारोळ उठला, की पलीकडच्या तीरावरची गाढवं ओरडायला लागली. तू कुणी काही म्हणायच्या आत बुडी मारलीस. बराच वेळ वर आला नाहीस. आलास तेव्हा भोपळा रिकामा होता. माझ्या हातात देऊन मोठ्यानं म्हणालास, "बुडाशी तडा गेलाय, साडूबुवा. नवा घ्या."

तडा नव्हता. तू पाण्याखाली वाळू ओतून टाकली होतीस आणि भोपळ्याच्या बुडाशी नखानं एक चीर पाडली होतीस, लोकांना दाखवायला. त्यानंतर ह्या गोष्टीबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस. भांडणात नाही, चेष्टेत नाही, ताडी प्यायल्यावर नाही. मी तुझ्या जागी असतो तर दर धुळवडीला त्या गोष्टीचा तमाशा लावला असता. तू मला वाचवलंस ह्याचे उपकार आहेतच. पण न बोलता वाचवलंस, ह्याचा राग जास्त आहे.

आता ह्या उन्हाळ्याचं. मागचा पावसाळा कोरडा गेला आणि होळीलाच पात्रात नुसते दगड दिसायला लागले. चैत्र संपता संपता डोह कमरेएवढा झाला. तू बाभळीच्या फांद्या आणि फाटके तट्टे पाण्यावर अंथरून सावली केलीस. म्हशी अडवल्यास. धुणी झिऱ्यांच्याही खाली वळवलीस. मग एका दुपारी कुणा सरदाराच्या पागेतले मोतद्दार दहा-बारा घोडे घेऊन आले, आणि घोडे सरळ डोहात घालायला निघाले.

मी तिथे होतो. तुझ्या आधी मी बघितलं. मी काय केलं? धावत चावडीवर गेलो. उन्हात, अनवाणी. दोन शिपायांच्या हातापाया पडून त्यांना घेऊन आलो. येताना सगळं भाषण तयार केलं होतं, "हेच ते जुलमी!" पासून. येऊन बघतो तर घोडे काठावर रांगेत उभे, कुंभारांच्या मोठमोठ्या परळांतून पाणी पितायत, आणि तू झिऱ्यावरून घागरी भरभरून परळांत ओततोयस. मोतद्दारांचा नाईक स्वतः दुसरी घागर घेऊन तुझ्यामागे फिरतोय! नंतर कळलं. तू एवढंच म्हणाला होतास, "घोडे तहानलेत, पाजायलाच हवेत. आत मात्र नका घालू, तळ ढवळला की खाली आळीच्या पोरांना चिखल प्यावा लागतो. तुम्ही बसा, मी भरतो." आणि तो लाजून उठला.

शिपाई माझ्याकडे बघून म्हणाले, "जुलमी कुठायत?"

त्या दिवसापासून आळीत दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, रघूनं पागा कशी थोपवली. दुसरी, म्हादू शिपाई आणायला गेला होता. दुसरी गोष्ट सांगताना लोक जास्त हसतात, कारण पहिली मीच रंगवून रंगवून सांगतो आणि ऐकणारा शेवटी विचारतो, "आणि तुम्ही कुठे होता?"

आपलं शेवटचं भांडण तर राहूनच गेलं. डोह मांडीएवढा झाला होता. सकाळच्या पहिल्या उजेडात मरळी आणि शिंगाळे तोंडं वर काढून हवा गिळत होते. मी म्हणालो, "रघू, निम्मे काढू. फार दाटी झालीय. हे मरायला लागले तर पाणी नासेल आणि झिऱ्यातही तेच उतरेल. मासे जातील आणि पाणीही जाईल."

"निम्मे मोजणार कोण?"

"मी."

"आणि निम्म्यावर थांबवणार कोण?"

"मीच."

तू हसलास. मोठ्यानं नाही. नाकातून थोडी हवा सोडलीस, एवढंच. मी उठून घरी गेलो. चार दिवस बोललो नाही. माझं म्हणणं चूक असेल, पण ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, रघू. पाचव्या दिवशी बोलायला म्हणून आलो तर तू ऊन लागून घरी पडलेला, अंगाची भट्टी झालेली. मला बघून "या" म्हणालास. मी म्हटलं, बरा झालास की भांडू. तीन दिवसांत तू निघून गेलास. भांडण अर्ध्यावर टाकून जाण्याची ही रीत मला मान्य नाही.

काल तुझा दहावा झाला. भोयाच्या दहाव्याला पिंडाशेजारी नदीचा मासा ठेवायचा, तोही जाळ्यानं धरलेला ताजा, आपसूक मेलेला चालत नाही. तो नसला तर कावळा शिवत नाही आणि जीव काठावर घोटाळतो, ही आपली समजूत. यंदा नदीत मासा कुठे? फक्त डोहात. म्हणजे डोह राखता राखता मेलेल्या माणसाच्या नावानं तोच डोह उपसायचा! तू जाताना एवढा गमतीदार पेच टाकून जाशील असं वाटलं नव्हतं. गमती मी करतो, तू नाही, अशी आपली वाटणी होती.

आळीनं फार विचार केला नाही. सकाळी काठावर आलो तर एका माशासाठी अकरा जाळी आली होती. प्रत्येकाच्या खांद्यावर एक, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शोक. बुट्ट्याही होत्या. एका माशाला एवढ्या बुट्ट्या कशाला, हे मी विचारलं नाही. महिनाभर कोरडी भाकरी खाणाऱ्याला ते विचारायचं नसतं.

कोंडाजीबाबा आळीत सर्वांत म्हातारे. ते म्हणाले, "म्हादू, तू साडू. पहिलं जाळं तुझं. मग बाकीचे बघतील."

पहिलं जाळं! माझं! रघू, ह्या शब्दांसाठी मी किती वर्षं थांबलो होतो. तेवढ्यात पारू पुढे आली. डोक्यावरचा पदर तोंडात धरून म्हणाली, "दाजी, टाका. ते तापात म्हणत होते, साडूबुवाचं बरोबर आहे, दाटी झालीय, निम्मे काढायला हवे होते."

मी जागच्या जागी खिळलो. तू कबूल केलंस? माझ्या माघारी? मी समोर असताना नाकातून हसायचं आणि मी नसताना मोठं मन करून हार मानायची! हार मानण्यातही तू माझ्या आधी.

जाळं खांद्यावरून सोडलं, कडेचे खडे हातात घेतले, पाण्याकडे बघितलं. तट्ट्यांच्या सावलीत माशांच्या पाठी एकमेकींना घासत होत्या. मग मागे बघितलं. अकरा माणसं पाण्याच्या दिशेनं एकेक पाऊल पुढे सरकली होती. कुणाला कळलंही नव्हतं की आपण सरकलो. निम्म्यावर थांबवणार कोण? मी? मला तर माझी बायको तोंड धुवायला पाठवते.

त्याच वेळी कोंडाजीबाबा हात जोडून म्हणाले, "आजपासून ह्याला रघूचा डोह म्हणायचं."

खरं सांगतो. पाण्याची काळजी, झिऱ्यांची काळजी, पुढच्या सालची काळजी, सगळं मनात होतं. पण जाळं खाली टाकायला लावलं ते ह्या वाक्यानं. मेल्यावर डोहही तुझा? तुझ्या नावानं उघडणार, तुझ्या नावानं रिकामा होणार, आणि जाळं तेवढं माझं?

"जाळं पडणार नाही," मी म्हणालो.

"का रे?"

"होळीपासून नदी वाहती होईपर्यंत पडत नाही म्हणून."

"अरे, पण तूच तर निम्मे काढा म्हणत होतास!"

"म्हणत होतो. आता रघू माझ्या बाजूला गेलाय, तर मी त्याच्या बाजूला आलो. कुणीतरी इकडे हवं ना?"

पारू खाली बसली. "दाजी, माझ्या माणसाला उपाशी ठेवता? तो काठावर घोटाळत राहील." सगुणा उठली. पिंडाच्या भातातला मूठभर भात घेऊन तिनं मासा वळला. दोन तिळांचे डोळे लावले. मरळीसारखा लांबोडका, हुबेहूब. मी शेपटी करायला गेलो तर हातावर चापट बसली.

तो भाताचा मासा पिंडाशेजारी ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे आले. बाभळीवर बसले. उतरेनात. पारू म्हणाली, "पोरींची काळजी करू नका." कावळा हलला नाही. कोंडाजीबाबा म्हणाले, "नदी वाहिली की पहिला मासा तुझ्या दारात." नाही. इब्राहीम भिस्ती लांबून म्हणाला, "रघूभाऊ, रोज एक पखाल घरी टाकीन." तरी नाही. ऊन टाळूत शिरत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मासा नको म्हणणारा मीच होतो.

मी पुढे झालो. तुझ्याशी काय बोलायचं हे मला कधी शोधावं लागलं नव्हतं, काल शोधावं लागलं. म्हणालो, "रघू, नदी वाहेपर्यंत डोहात जाळं पडणार नाही. माझंही नाही. दाटीचं म्हणशील तर तू पहाटे पाण्यात उतरून परळानं पाणी उडवायचास, हवा खेळवायचास, हे मला इब्राहीमनं सांगितलं. मला का नाही सांगितलंस? तू गेल्यापासून ते मी करतोय. रोज पाच-सात मरून फुगतात, ते वेचून लांब पुरतो. उद्यापासून ही अकरा माणसंही जाळी घरी ठेवून परळ घेऊन येतील. न येऊन सांगतात कुणाला! पण त्यानं भागेल की नाही, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. तुला माहीत नव्हतं हे एकदा तोंडानं म्हणाला असतास तर मी चार दिवस अबोला धरला नसता, तुझ्या शेजारी उन्हात बसलो असतो."



कावळा उतरला. भाताचा मासा शेपटीकडून उचलून घेऊन गेला. तो तू होतास की भुकेला कावळा, ह्यावर मी मत देणार नाही. पारू रडली, पण खांदे सैल करून. मग कोंडाजीबाबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "राखणदाराशिवाय डोह एक दिवससुद्धा ठेवायचा नाही. आता कोणाला करायचं?"

अकरा जणांनी अकरा दिशांना बघितलं. दोघांतिघांनी तुझ्या भावाचं नाव पुटपुटलं. मी पाण्याकडे बघत राहिलो, चेहरा शक्य तितका निरिच्छ ठेवून. आणि सगुणा, जिनं तोवर पुरुषांच्या बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं, ती काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी फटकन बोलून गेली, "अहो, ह्यांनाच करा की! मेलेल्या माणसाशी चुरस लागलीय ह्यांची, आता डोहाला कुणाचं बोटसुद्धा लागू देणार नाहीत!"